पडवीत गादीचा खेळ

अहो,

पडवीत तुमचं गेमचं मशीन सुरू झालंय, म्हणून लिहायला बसले. तुम्ही गेल्यापासून त्याच्यावर जुनी चादर घातलेली होती. आज दुपारी मंदारने ती ओढून काढली आणि बटण दाबलं. आधी ती घरघर, मग ती सुरावट. पुरण ढवळता ढवळता धाकट्या जाऊचा, लताचा हात थांबला.

दोघे खेळतायत. तुमचा मुलगा आणि तुमचा भाऊ. गंमत म्हणून नाही. संध्याकाळी शिमग्याची पालखी दारात आली की गाऱ्हाणं घालायला, सगळ्या वाडीच्या वतीने देवाला मागणं मागायला, कोण उभं राहणार, ते तिथे ठरतंय.

स्वयंपाकघराच्या दारातून मला दोघांच्या पाठी दिसतात, पडदा दिसत नाही. जाऊन प्लग काढून टाकावा असं मनात येतं आणि पाय उचलत नाही. मी मध्ये पडले तर दोघे मिळून माझ्यावर ओरडतील आणि पालखीसमोर पुन्हा तोंडं फिरवतील. ओटी आता लता भरणार. ताट मात्र मीच मांडून ठेवलं, नारळ पुसून ठेवला. मला करण्यासारखं दुसरं काही उरलं नाही, म्हणून हे पेन हातात घेतलं.

तुम्ही हे सगळं अर्धवट टाकून कसे गेलात हो?

पहिल्यापासून सांगते. गेल्या शिमग्याला घरात दुःख होतं, पालखी आपल्या दारी आलीच नाही. वाडीचं गाऱ्हाणं गुरवाने देवळातच घातलं. त्यामुळे तुमच्या जागी कोण, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. तो पडला वर्षश्राद्धाच्या दिवशी. जेवणं आटोपली होती. संजूभावोजी हात पुसत अगदी सहज म्हणाले, "यंदा मी उभा ऱ्हाईन."

मंदार म्हणाला, "बाबांचा मान मुलाकडे येतो ना?"

"मोठ्या भावाचा धाकट्याकडं येतो. आणि तुला गाऱ्हाण्याच्या चार ओळी तरी येतात काय? मोबाईलमधे बघून म्हणशील."

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मंदार तुमचाच. तो म्हणाला, "तुमच्या त्या सिनेमात दोघे भाऊ गादी सोडून निघून जातात. तीस वर्षं आम्हाला तेच ऐकवलंत. मग आता तुम्ही गादी का धरून बसलात, काका?"

भावोजींचा चेहरा असा उतरला की लता मध्येच उठून आत गेली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एका अंगणातून जातात, एका विहिरीवर पाणी काढतात, आंब्याच्या कलमांना फवारणीसुद्धा एका पंपाने केली. शब्द नाही. काही सांगायचं असलं की माझ्याकडे बघून सांगतात. "वहिनी, त्याला सांगा, खालच्या बागेतला पाईप फुटलाय." तो दोन हातांवर उभा असतो.

अन् याला कारण तुमचा तो गेम. मला राग येणार नाही तर काय होईल?

तुम्हा दोघांनी रत्नागिरीत स्टँडच्या मागे गाळा घेऊन गेमची मशीनं लावली, तेव्हा मी नवी नवरी होते. शहरातली पोरं शाळा बुडवून तिथे पडीक असायची. त्या गर्दीत हा एक गेम. त्याचं इंग्रजी नाव कुणालाच नीट घेता येत नव्हतं, सगळे त्याला 'गादी' म्हणायचे. म्हातारा उस्ताद मरतो, गुंड त्याची तालीम बळकावतात, आणि त्याचे दोन चेले, सख्खे भाऊ, बाजारातून, गोदीतून, पुलावरून मारामारी करत तालमीपर्यंत पोचतात. गुंड संपले की आपल्याला वाटतं, झालं. तर नाही. गादी एक, भाऊ दोन. मग ते दोघे एकमेकांसमोर उभे राहतात.

हा शेवट तुम्हाला फार आवडायचा. का आवडायचा ते मला कधी कळलं नाही.

मग काही वर्षांनी त्याचा सिनेमा आला. आपल्याकडे आली ती कॅसेट, हिंदीत बोलणारी. गाळा बंद झाला, बाकीची मशीनं गेली, हे एक तुम्ही टेम्पोत घालून घरी आणलंत. त्याच्याबरोबर ती कॅसेटही आली आणि तुमचं भांडणही आलं. सिनेमात शेवटी दोघे भाऊ गादीला नमस्कार करतात, ती तशीच रिकामी ठेवतात आणि पावसात चालत निघून जातात. भावोजींच्या डोळ्यांत दर वेळी पाणी. तुम्ही दर वेळी उठून बाहेर.

"गेमवाल्यांनी खरं सांगितलं," तुम्ही म्हणायचात. "सिनेमावाल्यांना लाज वाटली, म्हणून त्यांनी खोटं सांगितलं. गादी कुणी रिकामी ठेवून जात नाही, संज्या."

"दादा, गेमवाल्यांना दुसरां काय सुचलांच नाय, म्हणून मारामारी दाखवली."

"गेममधले भाऊ एक शब्द बोलत नाहीत. म्हणून ते खरे वाटतात. सिनेमातले बघ, नुसते बोलतात."

"बोलत नाय, म्हणूनच तर शेवटी मारामारी करतात."

हे मी भाकऱ्या थापताना ऐकलंय, आमरस वाढताना ऐकलंय, मंदारच्या मुंजीच्या मांडवात ऐकलंय. गावातली माणसं आपल्याकडे यायची ती हे ऐकायला यायची, असं मला कधी कधी वाटतं. माझं मत कुणी विचारलं नाही. आज सांगते. दोन्ही टाकाऊ. गेममध्ये अख्ख्या गावात बाई एकच, ती भाजीच्या गाडीमागे उभी. गाडी उलटते, ती किंचाळते, संपलं. सिनेमात तिला नाव दिलं, बोलायला दोन वाक्यं दिली आणि पळवून नेलं. नायकाचे केस एवढ्या पावसात हलत नाहीत. आणि त्या तालमीत एवढी वर्षं झाडलोट कोण करत होतं, हे ना गेमवाल्यांनी सांगितलं ना सिनेमावाल्यांनी.

थांबा. सुरावट बदलली. बाजार संपला, गोदी सुरू झाली.

बघितलंत? मला पडद्याकडे न बघता कळतं. इतकी वर्षं त्या आवाजात भाजी चिरली मी. धप्प आवाज म्हणजे गुंड पडला. तोच आवाज थोडा लांबला तर आपला पडला. अजून लांबलेला ऐकू आला नाही.

अटी मंदारने घातल्या. दुपारी गावकार, म्हणजे गावचे मुख्य मानकरी, येऊन गेले. अंगणातच उभे राहिले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "दिवेलागणीला पालखी येईल. त्याच्या आत घरातून एक नाव द्या. नायतर मान औंदापासून खालच्या आळीला देऊ. मग परत मागू नका." आणि गेले. भावोजी कोयती घेऊन माडाखाली उभे होते, मंदार पायरीवर बसला होता. दोघांनी ऐकलं. मग मंदार उठला, चादर ओढली, मशीनकडे तोंड करूनच बोलला, "शेवटी जो उभा राहील, तो संध्याकाळी उभा राहील. एकाच नाण्यात. मेला तो मेला."

मला वाटलं भावोजी हसतील, शिवी देतील, कोयती घेऊन चालू लागतील. त्यांनी कोयती भिंतीला लावली, हात धुतले आणि जाऊन डाव्या बाजूला उभे राहिले. ती त्यांची जागा. उजवी तुमची होती.

देवाचा मान असा गेमवर लावतात का हो? पण कुणाला विचारू? ही सवय तुम्हीच लावलीत. फवारणीला कोण जाणार, लग्नाला मुंबईला कोण जाणार, पेट्या घेऊन मार्केटला कोण जाणार, सगळं तुम्ही त्या मशीनवर ठरवायचात. हसत हसत ठरायचं म्हणून चाललं. आज कुणी हसत नाहीये.

मंदारला तर तो गेम आवडतसुद्धा नाही. आठवतंय ना, तुम्ही असताना त्याने मोबाईलवर त्या गेमचा व्हिडिओ केला होता? माणसं जड चालतात, बटण दाबल्यावर हात उशिरा उठतो, गुंड तेच तेच रंग बदलून परत येतात. आणि शेवटची मारामारी, तो म्हणाला, काही खरं-बिरं सांगायला ठेवलेली नाही. दोघांपैकी एक हरला की चिडून आणखी एक नाणं टाकेल, एवढाच हेतू. सिनेमा त्याहून वाईट, पण मित्रांबरोबर बसून हसायला बरा. तुम्ही तो व्हिडिओ पूर्ण बघितलात, फोन त्याच्या हातात दिलात आणि ताटावर बसून आमटीत भात कालवत राहिलात. तेव्हा तरी त्याला काही बोलायचंत. तो रात्रभर, "बाबा काही म्हणाले का?" म्हणून मला विचारत होता, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्हा बापलेकांचं सगळं माझ्या मार्फत. आणि आता काका-पुतण्याचंही माझ्याच मार्फत.

लांबलेला धप्प.

कोण पडलं? दोघांच्या पाठी तशाच आहेत. मंदारचा खांदा उडतोय. म्हणजे तो खेळतोय. भावोजींची मान खाली गेली होती, ती वर आली. उठले. उठले ते.

आता पूल येईल. मला त्या पुलाचीच धास्ती आहे. तुम्हाला सांगायला नको, पण लिहिते. पुलावर जो आधी पलीकडे पोचतो, त्याने तिथली साखळी धरून ठेवायची, म्हणजे पूल ताठ राहतो आणि मागचा येतो. सोडली की मागचा पाण्यात. आणि मागचा पाण्यात गेला, की पुढे तालमीत गादी आयती. मारामारीच नाही. साखळी सोडायची, बस्स. कुणी म्हणेल, चुकून सुटली.

गाळ्यावर याच पुलावरून पोरांची खरी मारामारी व्हायची, तुम्ही गचांडी धरून बाहेर काढायचात.

साखळीचा आवाज आला. कुणीतरी पोचलं.

मला इथून दिसत नाही कोण पोचलं. भावोजींचा डावा हात बटणावर दाबलेला आहे, तो हलत नाही. म्हणजे साखळी त्यांच्या हातात आहे. मंदार मागे आहे. माझा मुलगा मागे आहे आणि तुमच्या भावाच्या हातात साखळी आहे. लता पण दारात येऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे बघितलं नाही, मी तिच्याकडे बघितलं नाही. जावा-जावांनी एकमेकींकडे बघू नये अशी वेळ आहे.

"मागं बघ! मागं हाय तुझ्या!"

हे भावोजी ओरडले. लताने माझा दंड धरला.

"बघितला, काका."

पाण्याचा आवाज आला नाही. सुरावट बदलली. दोघे पलीकडे आहेत.

'काका' म्हणाला तो. श्राद्धापासून पहिल्यांदा. तुम्ही ऐकायला हवं होतंत. मी हे इथे लिहून ठेवते, कारण पुढे काय होईल ते मला माहीत नाही. ती तालीम आली. आता मला इथे बसवत नाही, मी उठते.

*

पुन्हा बसलेय. पालखी येऊन गेली. ढोल आता खालच्या आळीत वाजतोय, इथपर्यंत ऐकू येतो. जेवणं व्हायची आहेत, पण आज घरात कुणाला जेवणाची घाई नाही. जसं झालं तसं सांगते.

मी पडवीत गेले तेव्हा सगळे गुंड आडवे झाले होते आणि दोघे भाऊ पडद्यावर समोरासमोर उभे होते. मध्ये ती गादी. वरती घड्याळ उलटं चाललेलं. वेळ संपली की दोघेही मरतात, गादी कुणालाच नाही, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. मंदारचे हात बटणांवर होते, पण तो दाबत नव्हता. त्याने हळूच काकांकडे बघितलं. मला त्याचा चेहरा दिसला. राग संपला होता त्याच्यातला. काका सिनेमातल्यासारखं करतील अशी त्याची खात्री होती, आणि माझीही होती. घड्याळ संपू द्यायचं. दोघांनी मिळून गादी सोडायची. तीस वर्षं ते तेच म्हणत आले ना?

भावोजींनी पहिला ठोसा मारला.

नुसता एक नाही. मंदारचा माणूस उठायच्या आत दुसरा, मग लाथ, मग डोक्यावरून उचलून आपटला. मंदारने एकही बटण दाबलं नाही. बघत राहिला. पडद्यावर भावोजींचा निळा भाऊ गादीवर जाऊन बसला आणि वाजंत्री वाजली.

"काका, तुम्ही मारलंत?"

"मारलां," भावोजी म्हणाले. मशीनवरचे हात काढले आणि विहिरीवर अंघोळीला गेले.

मला त्यांचा राग आला. खरं सांगते, अजून आहे. माणसाने आयुष्यभर एक बोलावं आणि वेळ आली की दुसरं करावं, ते पण पुतण्याबरोबर? मंदार मशीनजवळच खाली बसला. मी जवळ गेले तर म्हणाला, "बाबा बरोबर होते ना, आई?" तुम्ही बरोबर असल्याचा मला आनंद झाला नाही.

दिवेलागणीला ढोल वर आला. पालखी अंगणात नाचवली, पाटावर बसवली. लताने ओटी भरली. वाडीतली सगळी पुरुष माणसं गोळा झाली, बायका मागे जांभ्याच्या पायऱ्यांवर. गावकारांनी विचारलं, "कोण?" आणि भावोजी पुढे झाले. धुतलेलं धोतर, डोक्याला टॉवेल. मंदार खांबाला टेकून उभा होता, हात बांधून. मी त्याच्याकडेच बघत होते. कारण तुम्हीच सांगायचात, गाऱ्हाण्याला जो 'व्हय' म्हणत नाही, तो घरातून फुटला. गाव ते लक्षात ठेवतं. तुमच्या चुलत्यांच्या घरात असंच झालं, अजून त्यांची लग्नाची आमंत्रणं वेगळी जातात.

भावोजींनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज शिमग्याच्या सणाला तुझी पालखी दारात आली..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. मंदार गप्प.

"वाडीतली लेकरांबाळां, गुरांढोरां, कलमांबागा राखणारा तूच..."

"व्हय म्हाराजा."

गप्प. गावकारांनी मान वळवून त्याच्याकडे बघितलं. मी पदराचं टोक दातात धरलं.

मग तो भाग आला. मानकरी गेला की त्यानंतर पालखी पहिल्यांदा दारी येते तेव्हा त्याचं नाव घेऊन त्याची सेवा देवाच्या पदरात घालायची असते, तुमच्या बाबांच्या वेळी तुम्ही घातली होतीत तशी. भावोजी म्हणाले, "मागल्या खेपेला ह्या जागेवर जो उभा होता, तो माझा..."

आणि थांबले.

सगळ्यांना वाटलं, खोकला आला. त्यांनी पुन्हा सुरू केलं. "तो माझा..." पुढे येईना. पाठ हलायला लागली. अहो, तेव्हा माझ्या लक्षात आलं, तुम्ही गेल्यापासून त्यांनी एकदाही तुमचं नाव घेतलेलं नाही. 'त्यांचं', 'घरातलं', 'ते झालं तेव्हा', असंच बोलत आले. दादा हा शब्दसुद्धा नाही. त्यांना तुमची जागा हवी होती. जागेवर उभं राहिलं की नाव घ्यावं लागतं, एवढाच विचार त्यांनी केला नव्हता. ते देवासमोर उभे राहून लहान मुलासारखे रडत होते आणि वाडीला काय करावं कळत नव्हतं. गाऱ्हाणं मध्येच तुटलं तर अपशकुन. गुरव पुढे व्हायला लागला.

"विजय माझा बाप," खांबाकडून आवाज आला. "त्याची सेवा पदरात घे म्हाराजा."

कुणी 'व्हय' म्हणेना. म्हणावं की न म्हणावं? जागेवर उभा आहे तो एक आणि बोलतोय दुसराच. असं कुणी कधी बघितलं नव्हतं. तुमचं नाव तसंच अंगणात पडून राहिलं, आणि मला वाटलं, आता मीच ओरडते, बाईमाणूस असले म्हणून काय झालं.

"व्हय म्हाराजा," भावोजी म्हणाले. रडत रडतच, पण सगळ्यात मोठ्याने.

मग वाडी म्हणाली.

मंदार खांब सोडून पुढे आला नाही. तिथूनच पुढचं घातलं त्याने. काही ओळी चुकल्या, पाऊसपाणी आधी आलं आणि मुंबईला गेलेली माणसं शेवटी आली, माहेरवाशिणी राहूनच गेल्या. भावोजींनी एकही चूक दुरुस्त केली नाही. प्रत्येक ओळीला तेच पहिले 'व्हय' म्हणत होते आणि मागून सगळे. शेवटच्या ओळीला मंदारचा आवाज तुमच्यासारखा झाला. लता रडत होती. मीही रडले. तुमच्या तेराव्यालासुद्धा मी एवढी रडले नव्हते.

पालखी उचलली, तेव्हा गावकार माझ्याजवळ आले. आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "वहिनी, एका गाऱ्हाण्याला एकच तोंड लागतां. आज देवाने निभावून नेलां. उद्या सकाळी माणूस धाडतो, एक नाव सांगा. दोन नावांचा मान गावात नाय."

मी मान हलवली.

आता दोघे पडवीत बसलेत. बोलत नाहीयेत. मंदारने एवढंच विचारलं, "माहेरवाशिणी कुठल्या ओळीत येतात, काका?" आणि त्यांनी ती ओळ सांगितली. भावोजी त्याच्या बाजूला बघत नाहीत. त्यांना त्या ठोशाची लाज वाटते आहे, आणि मंदारला अजून तो लागलेला आहे. एका गाऱ्हाण्याने सगळं पुसलं गेलं असं मी तुम्हाला लिहिणार नाही. तुम्हाला खोटं आवडायचं नाही.

पण तुम्हालाही एक सांगते. तुमचा गेम म्हणतो, एकाने दुसऱ्याला पाडून गादीवर बसायचं. त्यांचा सिनेमा म्हणतो, दोघांनी गादी सोडून चालू लागायचं. चालू कुठे लागणार? घर इथे आहे, कलमं इथे आहेत, तुमचं नाव इथे घ्यायचं आहे. ज्याला तुमचं नाव घेता येत नाही त्याला ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून 'व्हय' म्हणावं लागणार, आणि ज्याला ओळी येत नाहीत त्याला त्या विचाराव्या लागणार. हे आज माझ्यासमोर झालं. तुम्ही दोघे तीस वर्षं भांडलात, त्यात कुणाला हे सुचलं नाही.

तर माझा शब्द ऐका. उद्या सकाळी गावकारांचा माणूस येईल. त्याला चहा देईन, शिमग्याची पोळी देईन, पण एक नाव देणार नाही. खालच्या आळीला मान देऊ म्हणाले, तर पदर खोचून मी देवळात जाईन आणि सगळ्या गावासमोर विचारीन, आज तुमच्या देवाने दोघांचं ऐकून घेतलं की नाही घेतलं? बायका तिथे बोलत नाहीत, ठाऊक आहे मला. मी बोलेन. गावाला जे करायचं ते करो. ह्या दोघांना मी पुन्हा समोरासमोर उभं राहू देणार नाही.

पोळ्या गार होतायत. दोघांना एका पंगतीला जेवायला बसवते.

अजूनही तुमच्यावर रागावलेली,
तुमचीच सुनंदा